चाचे, ट्राम आणि गोणीभर लीद

परवाच्या विकांताला माथेरानला गेलो होतो. लोक तिथून चिक्की आणतात, मी एका घोडेवाल्याकडून गोणीभर लीद आणली. कर्जत लोकलमध्ये शेजारी कोणी बसेना :-) घरी दार उघडताच आईचं पहिलं वाक्य, "धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंयस का?" तिचं चूक नाही, लिदीत ते जंतू असतातच. हातमोजे घातले.

आता डोंबिवलीच्या बाल्कनीसाठी इतकी धडपड का? कारण आमच्या भागात तबेले म्हशींचे, आणि घोडा दिसतो तो फक्त वरातीत.

गंमत म्हणजे घोड्यांची टंचाई इथे जुनीच आहे. तेराव्या शतकातला मार्को पोलो लिहितो की ठाण्याच्या राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते. हिंदुस्थानकडे येणाऱ्या जहाजांवर मात्र घोडे हटकून असायचे. मग राजाने चाच्यांशी सरळ करारच केला.. लुटीतले घोडे राजाचे, बाकी सगळा माल चाच्यांचा! राजाने लिदीचं काय केलं ते मार्को पोलोने लिहिलेलं नाही, हा त्याचा मोठाच दोष :-)

पुढे मुंबईत घोडेच घोडे झाले. 9 मे 1874 ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, कंपनीकडे सुमारे 900 घोडे. एका घोड्याची दिवसाची लीद 15 किलो धरली तर रोजची साडेतेरा टन, आणि ही फक्त ट्रामची. त्याच शतकात पॅरिसचे भाजीवाले शहरातली लीद वाफ्यांखाली भरून तिच्या उबेवर ऐन थंडीत लेट्यूस पिकवत. घोड्यांची ट्राम 1905 मध्ये बंद झाली. राहिलेल्या व्हिक्टोरिया 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल वाचल्यावर मला तो निकाल पटला होता.

पण माथेरानच्या घोडेवाल्यासमोर ते बोलवेना. तिथे मोटारींना बंदी म्हणून घोडे टिकले, पण डिसेंबर 2022 पासून ई-रिक्षा आल्या. "लीद किती पण न्या साहेब," तो म्हणाला, "पोरगा काही या धंद्यात येत नाही." पैसे घेईना. शेवटी मी घोड्यावरून एक फेरी मारली आणि त्याचे दिले.

असो. लिदीचं म्हणाल तर घोडा गायीसारखा रवंथ करत नाही, त्यामुळे तंतू शिल्लक राहतात आणि माती छान भुसभुशीत होते. पण ताजी घालू नका, मुळं जळतात. सुका पाला मिसळून, भोकं पाडलेल्या ड्रममध्ये दोन-तीन महिने मुरू द्या. मोठा ढीग तापतो तेव्हा त्यातलं गवताचं बी मरतं, एका गोणीचा ढीग तेवढा तापत नाही. मागच्या खेपेला टोमॅटोच्या कुंडीत टोमॅटो आले चार, आणि गवत एवढं की एखादं शिंगरू जगलं असतं.