जंगलातून रस्ता, बदल्यात जमीन : हा हिशेब कसा मांडतात आणि कुठे चुकतो?

अभयारण्यालगतच्या गावांत दर पावसाळ्यात रस्त्याचा विषय निघतो. नाल्याला पूर आला की दवाखान्याची वाट बंद, शाळेची बस बंद. जवळचा रस्ता जंगलातून जातो आणि तो एकतर कच्चा असतो, नाहीतर वनखात्याने रुंदीकरण अडवलेलं असतं. मग कुणीतरी म्हणतं, "जंगलाची जेवढी जमीन रस्त्यात जाते तेवढी दुसरीकडे देऊन टाका, विषय संपला." ऐकायला हे सोपं वाटतं. कायद्यातही जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याची तरतूद आहे. पण हेक्टरला हेक्टर दिल्याने विषय संपतोच असं नाही. हा व्यवहार कसा होतो, परवानगी कोण देतं आणि गावाने काय तपासावं, याची ही माहिती.

बदली जमीन म्हणजे नेमकं काय?

वनजमीन रस्त्यासाठी वापरायची तर १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्र सरकारची आधी मंजुरी लागते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याचं नाव 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' असं झालं आहे. मंजुरी देताना जी प्रमुख अट घातली जाते ती भरपाई वनीकरणाची. जेवढी वनजमीन रस्त्याला दिली, तेवढीच बिगर-वनजमीन वनखात्याच्या ताब्यात द्यायची आणि तिच्यावर झाडं लावायची. ही जमीन नुसती कागदावर दाखवून चालत नाही. सातबाऱ्यावर फेरफार होऊन ती वनखात्याच्या नावे लागली पाहिजे आणि राखीव किंवा संरक्षित वन म्हणून अधिसूचित झाली पाहिजे. ती शक्यतो असलेल्या जंगलाला लागून असावी, असंही अपेक्षित आहे.

काही ठरावीक बाबतींत सूट आहे. उदाहरणार्थ, केंद्राचे प्रकल्प असतील, किंवा राज्यात बिगर-वनजमीन उपलब्धच नाही असा मुख्य सचिवांचा दाखला असेल, तर विरळ झालेल्या वनजमिनीवर दुप्पट क्षेत्रात वनीकरण करता येतं. अशा वेळी जंगलात नव्या जमिनीची भर पडत नाही. आहे त्याच वनजमिनीवर रोपं लागतात.

याशिवाय पैसे भरावे लागतात. वनीकरणाचा खर्च वेगळा आणि जंगलाचं 'नक्त वर्तमान मूल्य' वेगळं. जमीन अभयारण्यातली असेल तर हे मूल्य पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानातली असेल तर दहापट धरतात. हा पैसा २०१६ च्या भरपाई वनीकरण निधी कायद्याखालच्या निधीत, म्हणजे बोलीभाषेत 'कॅम्पा'त जमा होतो.

परवानग्या किती आणि कुणाच्या?

साधं राखीव जंगल असेल तर प्रस्ताव 'परिवेश' पोर्टलवर जातो. डीएफओ जागेची पाहणी करतात, राज्य सरकार शिफारस करतं आणि केंद्र आधी तत्त्वतः व अटी पूर्ण झाल्यावर अंतिम मंजुरी देतं.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही लागतो. मुख्यमंत्री अध्यक्ष असलेलं राज्य वन्यजीव मंडळ आणि त्यानंतर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची स्थायी समिती, या दोन्ही पायऱ्या चढाव्या लागतात. व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र असेल तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचंही मत घेतात. "एवढा तुकडा अभयारण्यातून काढा आणि तिकडचा जोडा" अशी मागणी असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००० च्या आदेशामुळे न्यायालयाच्या परवानगीशिवाय ते होत नाही. त्यामुळे तालुक्याच्या सभेत कुणी "महिनाभरात मंजुरी आणतो" म्हटलं, तर कोणती मंजुरी, हे विचारलेलं बरं.

गावातल्या छोट्या रस्त्यासाठी मात्र एक जवळची वाट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा १३ प्रकारच्या सोयींसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. पाणंद किंवा जोडरस्त्याचा लहान तुकडा अडला असेल, तर आधी या कलमात बसतो का ते पाहावं.

हेक्टर सारखे, जंगल सारखं नाही

बदल्याच्या जमिनीचा खरा वाद इथे आहे. दहा किलोमीटरचा रस्ता तीस मीटर रुंद धरला तर तीस हेक्टर जमीन जाते. आकडा लहान दिसतो. पण ते तीस हेक्टर एका जागी नसतात, जंगलाच्या मधोमध ओढलेल्या रेघेसारखे असतात. रेघेच्या एका बाजूला पाणवठा आणि दुसऱ्या बाजूला चरणारे सांबर-चितळ, असं असेल तर जनावर रोज रस्ता ओलांडणारच. नुकसान तीस हेक्टरपुरतं राहत नाही.

बोर व्याघ्र प्रकल्पातला 'बाजीराव' हा वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ गाडीच्या धडकेत मेला. वाघ प्रकल्पाच्या हद्दीत राहत नाही. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात तो शेतं, नाले आणि रस्ते ओलांडत जातो. हा जाण्याचा पट्टा, ज्याला वनखातं कॉरिडॉर म्हणतं, तोच रस्त्याने तुटला तर शंभर किलोमीटर दूर दिलेली जमीन त्याच्या काही कामाची नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. झाडं आज तुटतात, रोपं वाढायला पिढी जाते. मोह, तेंदू, चार, ऐन असं मिश्र जंगल तोडून त्याबदल्यात एकाच जातीची रोपं रांगेत लावली, तर हेक्टर भरतात. पण मोहफूल वेचणाऱ्या बाईला किंवा अस्वलाला त्यातून काही मिळत नाही.

जास्त जमीन देऊनही नकार : अलास्काचं उदाहरण

जमीन कितीही मोठी दिली तरी जागेची भरपाई होते का, या प्रश्नावर जगात सर्वात गाजलेला वाद अमेरिकेतल्या अलास्का राज्यात झाला. किंग कोव्ह हे समुद्रकाठचं, मच्छीमारांचं सुमारे हजार वस्तीचं गाव. तिथे मोठा दवाखाना नाही. वारा आणि धुकं यांमुळे गावच्या छोट्या धावपट्टीवरून विमान उडणं बेभरवशाचं. जवळच्या कोल्ड बे इथे मोठी धावपट्टी आहे, पण मध्ये इझेम्बेक वन्यजीव आश्रयस्थान येतं. रुग्णाला कोल्ड बेपर्यंत नेता यावं म्हणून गावाने अनेक वर्षं रस्ता मागितला.

२००९ मध्ये अमेरिकी संसदेने जमीन अदलाबदलीचा विचार करायला मुभा दिली. रस्त्यासाठी आश्रयस्थानातली सुमारे २०६ एकर जमीन हवी होती. बदल्यात राज्य सरकार आणि गावची कंपनी मिळून ५६ हजार एकरांवर जमीन द्यायला तयार होते. तरीही डिसेंबर २०१३ मध्ये तत्कालीन मंत्री सॅली ज्युएल यांनी नकार दिला. कारण रस्ता जात होता तो दोन खाड्यांमधला चिंचोळा पट्टा. तिथल्या सागरी गवतावर पॅसिफिक ब्रँट जातीचे जवळपास सगळे बदक-हंस शरद ऋतूत पोट भरतात. मिळणारी जमीन कितीतरी जास्त होती, पण त्या पट्ट्याची जागा ती घेऊ शकत नव्हती.

पुढे सरकार बदललं तसे निर्णय बदलले. अदलाबदलीचे करार झाले, न्यायालयात रद्द झाले, मागे घेतले गेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवा करार झाला. तोही पुन्हा न्यायालयात आव्हानाखाली आला. विशेष म्हणजे विरोध फक्त पक्षीप्रेमींचा नाही. याच पक्ष्यांच्या शिकारीवर घर चालवणारी दूरची आदिवासी गावंही विरोधात आहेत. रस्ता मागणारेही गावकरी, नको म्हणणारेही गावकरी.

बदल्याची जमीन कुणाची?

आपल्याकडे हा प्रश्न फार कमी विचारला जातो. बिगर-वनजमीन म्हणून दाखवली जाते ती बरेचदा मोकळी पडलेली सरकारी जमीन. कागदावर मोकळी. प्रत्यक्षात तिथे कुणाची गुरं चरतात, कुणी सरपण आणतं, कुणी अतिक्रमण करून पोट भरतो. रोपवनाला कुंपण पडलं की चराई बंद. म्हणजे रस्ता एका गावाला आणि किंमत दुसऱ्या गावाला, असं होऊ शकतं.

पूर्व विदर्भात यात झुडपी जंगलाचा पेच आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या झुडपी जमिनी महसूल नोंदीत एक आणि कायद्यात दुसऱ्याच होत्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ च्या निकालात या जमिनी वनच असल्याचं स्पष्ट केलं. भरपाई वनीकरणासाठी झुडपी जमीन सहजासहजी दाखवता येणार नाही, बिगर-वनजमीन नसल्याचा मुख्य सचिवांचा दाखला लागेल आणि तेव्हाही क्षेत्र दुप्पट धरावं लागेल, असंही त्यात आहे. जंगलाच्या बदल्यात जंगलच देण्याचा प्रकार यामुळे अवघड झाला.

मधला मार्ग : पेंच आणि बंदीपूर

रस्ता की जंगल, एवढे दोनच पर्याय नसतात. नागपूर-सिवनी महामार्ग (आताचा राष्ट्रीय महामार्ग ४४) पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. चौपदरीकरणाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. अखेर भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने महाराष्ट्राच्या हद्दीत मनसर ते खवासा दरम्यान जनावरांसाठी नऊ ठिकाणी पूल आणि भुयारी मार्ग बांधले गेले. त्यातला सर्वात लांब ७५० मीटरचा आहे. २०१९ मध्ये लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्यप्राणी या पुलांखालून जाताना दिसले. ११ वेगवेगळे वाघ मिळून ८९ वेळा गेले. खर्च वाढला, पण वाहनं वरून आणि जनावरं खालून, अशी सोय झाली.

कर्नाटकातल्या बंदीपूरने वेगळा तोडगा काढला. तिथल्या महामार्गावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते. रुग्णवाहिकेला सूट आहे आणि रात्रीच्या गाड्यांसाठी हुणसूरमार्गे पर्यायी रस्ता सुधारण्यात आला. व्यापाऱ्यांचा आणि शेजारच्या केरळचा याला विरोध राहिला आहे. पण तिथे बदल्याची जमीन शोधावी लागली नाही.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा लांबट प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीच्या अटीतून केंद्राने २०१३ मध्ये सूट दिली. तरी गावातले वनहक्काचे दावे निकाली काढण्याची जबाबदारी संपत नाही. प्रस्ताव आपल्या शिवारातला असेल तर पुढच्या गोष्टी लेखी मागाव्यात :

१. बदल्याची जमीन कोणत्या गावात, कोणत्या गट नंबरात आहे? सातबारा आणि नकाशा कुठे आहे?

२. ती जंगलाला लागून आहे की शेतांमध्ये एकटी पडलेली?

३. आज ती कोण वापरतं? त्या गावच्या ग्रामसभेला कळवलं आहे का?

४. जंगलाबाहेरून जाणारा रस्ता तपासला का? किती किलोमीटर आणि किती खर्च वाढतो?

५. नवा रस्ता हवा, की आहे तोच रस्ता आणि नाल्यावरचा पूल सुधारून काम भागेल?

६. जनावरांसाठी भुयारी मार्ग कुठे आणि किती रुंद? ते अंदाजपत्रकात आहेत की फक्त तोंडी?

७. रस्ता होईपर्यंत रुग्ण न्यायची सोय काय?

शेवटचा प्रश्न सर्वात आधी विचारायचा आहे. मंजुरीला वर्षं लागतात आणि बाळंतीण तेवढी थांबत नाही. प्रसूतीच्या तारखेआधी मुक्कामाची सोय, उपकेंद्रात पूर्णवेळ परिचारिका, पावसाळ्यापुरती गावातच उभी राहणारी रुग्णवाहिका, यातल्या कशालाही वन्यजीव मंडळाची परवानगी लागत नाही. गावाची गरज आणि रस्त्याचा नकाशा या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या की बऱ्याचदा कळतं, की अडलेलं काम जमिनीमुळे अडलेलं नाही. आणि जिथे खरंच रस्त्याशिवाय इलाज नाही, तिथे बदल्याची जमीन किती आहे यापेक्षा कुठे आहे आणि आज ती कुणाची आहे, यावरच तो व्यवहार खरा की खोटा ते ठरतं.