पहिल्या धारेची गोष्ट : खान्देश आणि मोहाची दारू

ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, गोव्यात लोक डिस्टिलरी बघायला जातात, टेस्टिंग करतात. आपल्या जळगाव-धुळ्यात असं काही नाही का?"

आहे की! चोपडा, यावल, शिरपूरच्या वर, सातपुड्यात. फक्त तिथं तिकीट नसतं, आणि पोलिसांची गाडी दिसली की अख्खी डिस्टिलरी झुडपात जाते.

अशा एका घरी मी गेलो होतो. गावाचं नाव सांगणार नाही, कारण उघड आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात. ती वेचायची, वाळवायची, पाण्यात भिजवून काही दिवस आंबवायची. मग मडकं चुलीवर, वर गार पाणी, नळीतून थेंब थेंब. म्हातारबाबांनी आधी दोन थेंब जमिनीवर सांडले, देवाचे. मग मला घोटभर. आधी मनुक्यासारखा गोडवा, मग धूर, मग घशात जाळ.

आता इतिहास. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं घरी गाळणं गुन्हा ठरवलं. दारू सरकारी परवान्याच्या भट्टीतून निघायची, मक्तेदाराच्या दुकानात विकायची, कर तिजोरीत. १८९२ साली तर मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा आला. फुलांसाठी, बरं का! जे झाडाखाली फुकट पडतं, तेच विकत घ्यायची वेळ आदिवासींवर आली, उधारी आणि सावकार मागोमाग आलेच.

इथं थांबलो असतो तर गोष्ट सोपी होती. इंग्रज वाईट, मोहाची दारू आपला वारसा, टाळ्या. पण १९२२-२३ मध्ये देवीची चळवळ आली. अंगात येणाऱ्या माणसांच्या तोंडून देवी सांगायची, दारू सोडा. दक्षिण गुजरातेत ती गाजली, पण पश्चिम खान्देशातही पोचली. पुढे १९३० च्या दशकात तळोद्याजवळ मोरवडच्या गुलाम महाराजांमागे हजारो भिल्ल दारू सोडून उभे राहिले. एकमेकांना 'आप' म्हणायचे. ज्यांना सगळे अरेतुरे करायचे, त्यांनी! १९७२ च्या सुमारास शहाद्यात (तेव्हा धुळे जिल्हाच) भिल्ल मजूर बाया गावोगाव फिरून दारूची मडकी फोडत होत्या. नवऱ्याचा मार त्यांनी खाल्ला होता. त्यांना वारसा वगैरे सांगायला कोण जाणार?

आज चित्र उलटं आहे. मध्य प्रदेशानं २०२२ मध्ये मोहाच्या दारूला 'हेरिटेज' दर्जा दिला, डहाणूच्या कंपनीची मोहाची बाटली महागड्या दुकानात दिसते. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये फुलांवरचे निर्बंध उठवले, घरी गाळण्यावरचे नाही. म्हणजे काचेच्या बाटलीत 'क्राफ्ट', मडक्यात केस.

त्या घरातल्या सुनेनं मात्र पेल्याला हात लावला नाही. तिच्या माहेरी गुलाम महाराजांना मानतात. यंदाची फुलं तिनं सासऱ्याला न देता बाजारात व्यापाऱ्याला घातली होती, रोख पैशात. मी विचारलं, व्यापारी काय करतो त्याचं?

ती हसली. "दारूच करत असेल, दुसरं काय!"