शनिवारची होळी

अमेरिकेतल्या कॉलेजांत होळी शनिवारी येते, तीही बऱ्याचदा एप्रिलात, बर्फ वितळल्यावर! हिरवळीवर रंग, समोसे, हिंदी गाणी... झाली होळी.

पण रंगाचा दिवस काय इथेच हलला? मराठी मुलखात पौर्णिमेला होळी, दुसऱ्या दिवशी धुळवड आणि रंग थेट वद्य पंचमीला. मुंबईत तो केव्हाच धुळवडीवर सरकलाय. मला वाटतं, सुट्टी त्या दिवशी, शिवाय 'शोले' (१९७५) आणि 'सिलसिला' (१९८१) मधल्या होळ्या बघत आपण वाढलो. तेव्हा अमेरिकेला कशाला बोल लावा?

इथे हरवते ती खरी होळी : एरंडाची फांदी, गोवऱ्या, नैवेद्य आणि मनसोक्त बोंब. आमच्याकडे उदबत्तीनेसुद्धा अलार्म वाजतो! असो. यंदा पौर्णिमेलाच चौघांनी मिळून पुरण शिजवायचं ठरलंय.