उलटा बोगदा (एसएसएच)

घरगुती राउटरच्या आडच्या संगणकाला बाहेरून थेट गाठता येत नाही. आतून बाहेर जाणारी जोडणी मात्र सहसा अडत नाही. उलटा बोगदा याच विषमतेवर उभा आहे. तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात रचलेल्या एसएसएच या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीद्वारे आतला संगणकच मधल्या सर्व्हरशी जोडणी करतो आणि तिथल्या एका पोर्टवर येणारी मागणी स्वतःकडे वळवून घेतो. मग एसएसएचएफएस या एसएसएचवरून फायली जोडणाऱ्या साधनाने त्याचे फोल्डर दूरच्या यंत्रावर उघडते. मधला सर्व्हर फायली वाचेल, ही शंका रास्त वाटते. पण एसएसएचएफएसचे कूटलेखन दोन टोकांमधले असल्याने, यजमानाची, म्हणजे आतल्या संगणकाची, किल्ली पडताळलेली असेल तर मधल्या सर्व्हरच्या हाती निव्वळ गिचमिड लागते. कार्यालयात परवानगीविना खोदलेला बोगदा मात्र भगदाडच. तरीही क्लाउडवर विसरलेल्या प्रतीपेक्षा ही वाट बरी: जोडणी तुटताच ती बुजते.