पुरुष-वंध्यत्व : हॉर्मोन-चिकित्सा

पुरुषाच्या वृषणांत शुक्राणू निर्माण न होण्याचे किंवा अत्यल्प होण्याचे कारण जेव्हा वृषणांत नसून त्यांना चालना देणाऱ्या मस्तिष्कातील ग्रंथींत असते, तेव्हा उणी पडलेली ती चालना औषधरूपाने बाहेरून पुरवून शुक्रजनन सुरू करण्याच्या उपचारास ही संज्ञा लावतात. व्यवहारात मात्र निःसंतान पुरुषास दिलेल्या कोणत्याही हॉर्मोनास हेच नाव दिले जाते, आणि या शिथिलतेतूनच अनेक अनर्थ उद्भवले आहेत. कारण ज्यांना या चिकित्सेने निश्चित लाभ होतो असे पुरुष शंभरांत फार तर दोनचार असतात, आणि ज्यांना ती निष्कारण दिली जाते त्यांची संख्या याहून पुष्कळ मोठी आहे.

शरीरातील व्यवस्था अशी : मस्तिष्काच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस साधारण दीड-दोन तासांच्या अंतराने एक हॉर्मोन थोडेथोडे सोडतो, त्याच्या प्रेरणेने पोष ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हॉर्मोने रक्तात मिसळते, पैकी एलएच वृषणांतील लायडिख कोशिकांकडून टेस्टोस्टेरोन करवून घेते, तर एफएसएच शुक्राणूंचे पोषण करणाऱ्या सर्टोली कोशिकांस कार्यप्रवृत्त करते. पूर्वीच्या नागपुरी प्रांतात हुजुराचा हुकूम तहसील कचेरीतून मालगुजारापर्यंत पोहोचावा आणि वसुलीचा अहवाल त्याच वाटेने परत वर जावा, तशीच ही रचना असून, रक्तातील टेस्टोस्टेरोन वाढले की वरच्या दोन्ही कचेऱ्या आपले काम आवरते घेतात. शुक्राणू मूळ कोशिकेपासून पूर्णत्वास जाण्यास सुमारे 74 दिवस लागतात, आणि बाहेर पडण्यापूर्वीचा प्रवास धरला तर जवळजवळ तीन महिने. म्हणून या क्षेत्रातील कोणत्याही औषधाचा गुण महिन्याभरात दाखवू म्हणणाऱ्याची भाषा वैद्यकाची नव्हे, हे ओळखावे.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक असल्याने पुरुषाकडेही दोष असू शकतो ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. तरीही लग्नानंतर दोनतीन वर्षे पाळणा हलला नाही की सुनेच्या तपासण्या आणि नवससायास आधी होतात, आणि नवऱ्याच्या रेताची तपासणी, जी सर्वांत सोपी व स्वस्त, ती सर्वांत शेवटी. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात अशा विषयांवर उघड लिहिण्याचा प्रघात पाडला, परंतु घराघरांतील संकोच त्यामुळे फारसा हटला असे म्हणवत नाही.

चिकित्सेचा इतिहास मूत्रापासून सुरू होतो. गर्भवतीच्या मूत्रातील एचसीजी हे हॉर्मोन अ‍ॅशहाइम आणि झोंडेक यांनी 1927 साली दाखवून दिले; ते वारेपासून उत्पन्न होत असले तरी पुरुषाच्या शरीरात एलएचचेच काम करते. एफएसएच मिळविण्यासाठी ऋतुनिवृत्त स्त्रियांचे मूत्र लागे, आणि ते विपुल मिळावे म्हणून इटलीतील मठांतल्या वृद्ध जोगिणींचे साहाय्य घेण्यात आले. ब्रह्मचर्यव्रत घेतलेल्या स्त्रियांनी अपत्यहीनांच्या घरी पाळणे हलवावेत, हा योग वैद्यकाच्या इतिहासात दुर्मिळच म्हणावा लागेल. अधोथॅलॅमसमधील मूळ हॉर्मोनाची रचना शॅली आणि गिय्मँ यांच्या प्रयोगशाळांनी 1971 च्या सुमारास उलगडली व त्या दोघांस 1977 च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आज ही औषधे जनुकीय तंत्राने कोशिकासंवर्धनातूनही तयार होतात. ती अधिक शुद्ध असतात आणि अधिक महागही.

खरा उपयोग होतो तो अधोथॅलॅमस किंवा पोष ग्रंथीच्या न्यूनतेत. फ्रान्झ कालमन यांनी 1944 साली वर्णिलेल्या विकारात मुलगा वयात येत नाही आणि त्याला वासही येत नाही. कारण चालना देणाऱ्या मज्जाकोशिका गर्भावस्थेत नाकाच्या प्रदेशात उत्पन्न होऊन मस्तिष्कात जावयाच्या, त्या वाटेतच अडकून पडतात. दाढीमिशा न फुटलेल्या तरुणास हिंग किंवा रॉकेल यांचा वास येतो काय, हा एक प्रश्न विचारूनही निदानाची दिशा मिळू शकते. अशा रुग्णास प्रथम एचसीजीची इंजेक्शने आठवड्यातून दोन-तीन वेळा, साधारणतः दर वेळी 1500 ते 2500 एकके, तीन ते सहा महिने देतात; तेवढ्याने शुक्राणू न दिसल्यास एफएसएच, दर वेळी 75 ते 150 एकके, आठवड्यातून तीनदा त्याच्या जोडीस देतात. बहुसंख्य रुग्णांत शुक्राणू दिसू लागतात, पण मुदत सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत लागू शकते. वृषणे आरंभी किती मोठी आहेत, आणि बालपणी ती वृषणकोशात उतरली होती किंवा नाही, यांवर बरेच अवलंबून असते. मोजमापासाठी प्राडर यांची 1 ते 25 मिलिलिटर आकाराच्या 12 मण्यांची माळ वापरतात. या रुग्णांत शुक्राणूंची संख्या प्राकृत मर्यादेच्या, म्हणजे दर मिलिलिटरला 1 कोटी 60 लाखांच्या, खाली राहूनही गर्भधारणा झाल्याचे नित्य आढळते.

पोष ग्रंथीतील गाठीमुळे प्रोलॅक्टिन वाढले असल्यास कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच काम भागते, आणि अवटू ग्रंथीचा दोष असल्यास त्याचा वेगळा उपचार करावा लागतो.

नागपूर आणि विदर्भ यांच्या संदर्भात या विषयाची एक बाजू विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. फाळणीनंतर जरीपटका भागात वसलेल्या सिंधी समाजात थॅलॅसीमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय असून, ज्या मुलांना जन्मभर परक्या रक्तावर जगावे लागते त्यांच्या शरीरात लोह साचते. ते पोष ग्रंथीत मुरले की एलएच व एफएसएच आटतात आणि वयात येणे लांबते. हे वंध्यत्व आज्ञेच्या अभावाचे असल्याने वर सांगितलेली इंजेक्शने येथे उपयोगी पडू शकतात, मात्र लोह काढून टाकणारी औषधे लहानपणापासून नियमित घेतली असतील तर ही पाळीच सहसा टळते. सिकलसेल या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराची कैफियत निराळी. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला व सोळंकी यांचे टिपण ‘लॅन्सेट’मध्ये 1958 साली प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून या रोगाची विदर्भातील व्याप्ती स्पष्ट होत गेली. या रोगावर गुणकारी ठरलेल्या हायड्रॉक्सियुरियाने शुक्राणूंची संख्या घटू शकते. हा परिणाम थेट वृषणांवर होत असल्याने त्यावर एचसीजीचा मारा करणे व्यर्थ होय, औषधात काही काळ खंड पाडावा किंवा कसे याचा निर्णय तज्ज्ञावरच सोपवावा लागतो. दोन्ही रोगांत उपचारास हात घालण्यापूर्वी पत्नीचे रक्त तपासणे अगत्याचे आहे, कारण तीही वाहक असल्यास अपत्याचा प्रश्न निराळेच वळण घेतो.

सर्वांत मोठा गैरसमज टेस्टोस्टेरोनविषयी आहे. 1935 साली कृत्रिम रीतीने सिद्ध झालेले हे हॉर्मोन पौरुषाचे द्रव्य म्हणून संततीसाठी द्यावे, हे तर्काला पटण्याजोगे वाटते. प्रत्यक्षात ते बाहेरून दिले की वरच्या कचेऱ्या काम थांबवितात, वृषणांतील स्थानिक टेस्टोस्टेरोन, जे रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक लागते, ते घसरते आणि शुक्राणू नाहीसे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत 271 निरोगी पुरुषांना दर आठवड्यास 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरोन दिले असता 157 जणांचे रेत शुक्राणुरहित झाले. चाचणी होती संततिनियमनाची! नागपुरात धंतोली-रामदासपेठेतील दवाखान्यांपासून ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागापर्यंत कोठेही निःसंतान पुरुषाची कैफियत ऐकताना व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या इंजेक्शनांची चौकशी करणे म्हणूनच आवश्यक ठरते. ती थांबविल्यावर बहुतेकांत शुक्रजनन परत येते, पण त्यास काही महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळही लागतो.

कारण सापडतच नाही अशा पुरुषांना क्लोमिफेन, लेट्रोझोल किंवा एफएसएच देण्याची चाल सर्वत्र आहे. काहींत संख्या वाढते. अपत्य होते काय याविषयीचा पुरावा क्षीण आहे, आणि ही औषधे या कारणासाठी सहसा मान्यताप्राप्त नाहीत ही गोष्ट रुग्णास सांगितली जातेच असे नाही. लेट्रोझोलच्या स्त्रीवंध्यत्वातील वापरावर भारत सरकारने 2011 मध्ये बंदी घातली व 2017 मध्ये उठविली. क्लाइनफेल्टर हा गुणसूत्रविकार किंवा वाय गुणसूत्राचा तुकडा गळणे अशा प्रकारांत एफएसएच बहुधा आधीच चढलेले असते. आणखी आज्ञा देऊन उपयोग नसतो. तेथे शस्त्रक्रियेने वृषणातून शुक्राणू शोधून ते बीजांडात सोडण्याचा मार्ग, 1992 पासून उपलब्ध झालेला, शिल्लक राहतो. अशा केंद्रांचे नियमन 2021 च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान अधिनियमाखाली होते.

पोष ग्रंथीच्या न्यूनतेत उपचाराने शुक्राणू मिळू लागले की त्यांचा काही अंश गोठवून ठेवण्याची शिफारस करतात, आणि कुटुंब पूर्ण झाल्यावर खर्चिक इंजेक्शने बंद करून रुग्णास जन्मभर टेस्टोस्टेरोनच देतात. कालमन विकाराच्या काही रुग्णांत, दहापैकी सुमारे एकात, अधोथॅलॅमस पुढे आपण होऊन काम करू लागल्याचे आढळले आहे. म्हणून औषध अधूनमधून थांबवून रक्तातील हॉर्मोने पुन्हा मोजण्याची पद्धत आहे.