नागराज

हिंदी चित्रकथांतील एक काल्पनिक पात्र. दिल्लीच्या राज कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने १९८६ मध्ये ‘नागराज’ याच नावाच्या अंकातून ते वाचकांपुढे आणले. संस्थेचे संस्थापक राजकुमार गुप्ता. आरंभीचे कथालेखन परशुराम शर्मा यांचे आणि चित्रे पुण्याचे प्रताप मुळीक यांची. पुढे हे पात्र नायक म्हणून देशभर लोकप्रिय झाले असले, तरी मूळ कथेत ते एका शास्त्रज्ञाने द्रव्यलोभाने घडविलेले संहारयंत्र आहे, आणि त्याचे खरे महत्त्व त्या आद्य रूपातच असल्याने प्रस्तुत नोंदीचा भर तेथेच आहे.

निर्मिती व मुक्ती : प्राध्यापक नागमणी नामक दुष्ट शास्त्रज्ञ सर्पविषाचे प्रयोग करून एका मानवी देहाला विषाचे आगर बनवितो. त्या देहाचे रक्त म्हणजे सूक्ष्म सर्पांची वस्ती. त्याचा दंश प्राणघातक, फुंकार विषारी आणि त्वचा हिरवी, खवलेदार. हा जीव जगभरच्या दहशतवाद्यांना मोबदला घेऊन वापरावयास द्यावा, अशी नागमणीची तजवीज असते आणि त्याने हुकुमाबाहेर पाऊल टाकू नये म्हणून त्याच्या मस्तकात मनोनियंत्रक कुपी बसविलेली असते. संभाव्य गिऱ्हाइकांना मालाचा नमुना दाखवावा, त्याप्रमाणे पहिल्या कामगिरीवर त्याला एका मंदिरातील देवीची सुवर्णमूर्ती चोरण्यास धाडले जाते. मूर्ती त्याच्या हाती लागते. परंतु मंदिराचा रक्षक असलेला तीनशे वर्षांचा योगी बाबा गोरखनाथ त्याच्यासमोर उभा ठाकतो. शिकांगी नामक काळ्या मुंगसाच्या साहाय्याने योगी त्याच्या मनाचा ठाव घेतो, आणि समोरचा चोर हा गुलाम आहे, गुन्ह्याचा धनी अन्यत्र बसला आहे, हे जाणून त्याला ठार न करता मस्तकातील ती कुपी शस्त्रक्रियेने बाहेर काढतो. मुक्त झालेला नागराज योग्याचे शिष्यत्व पत्करून दहशतवादाच्या निर्मूलनाची प्रतिज्ञा करतो.

संहारासाठी मुद्दाम घडविलेल्या राक्षसाची कल्पना पाश्चात्त्य चित्रकथांतही आहे. सुपरमॅनचा प्राण घेणारा डूम्सडे १९९२ च्या अखेरीस अवतरला. एका अर्भकाला वारंवार मृत्युमुखी लोटून आणि त्याच्या अवशेषांतून पुनःपुन्हा नवा देह निर्माण करून कोण्या शास्त्रज्ञाने तो सिद्ध केला, अशी त्याची जन्मकथा १९९४ मध्ये सांगितली गेली. हा राक्षस कर्त्याच्या क्रौर्याचे फळ असूनही त्याच्या वाट्याला केवळ पारिपत्य येते. नागराज त्याच्याहून सहा वर्षांनी वडील. आणि घडविलेल्या जीवाला अपराधी ठरविण्यापूर्वी घडविणाऱ्याची चौकशी झाली पाहिजे, हा न्याय त्याच्या पहिल्याच अंकात आहे.

नाथपरंपरेशी अनुबंध : मुक्तिदात्याचे नाव गोरखनाथ असावे, ही बाब मराठवाड्यातील वाचकाला विशेष अर्थपूर्ण वाटते. कथेतील योगी आणि नाथपंथाचे गोरक्षनाथ एकच, असा दावा करता येत नाही. परंतु शके १७४१ मध्ये धुंडीसुत मालूने रचलेल्या चाळीस अध्यायांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या ग्रंथाची श्रावणातील पारायणे ज्या घरांत होत आली, तेथे हे नाव कानी पडताच काही प्रसंग आपसूक आठवतात. त्या ग्रंथात गोरक्षाचा जन्म मातेच्या उदरातून होत नाही. उकिरड्यावर टाकलेल्या भस्मातून बारा वर्षांनी तो प्रकटतो. पुढे हाच बालगोरक्ष संजीवनी मंत्राचे पाठांतर करीत असता, सवंगड्यांनी चिखलाची गाडी करून तिच्यासाठी गाडीवान मागितला म्हणून, मंत्र जिभेवर असतानाच मातीचा पुतळा घडवितो. पुतळ्यात जीव येऊन तो टाहो फोडतो आणि पोरे भूत समजून पळ काढतात. गोरक्षाचे गुरू मच्छिंद्रनाथ मात्र त्या रडणाऱ्या जीवाला उचलून घेतात, दूध पाजतात आणि निपुत्रिक दांपत्याच्या हवाली करतात. तोच गहिनीनाथ, निवृत्तिनाथांचा गुरू. बीड जिल्ह्यातील चिंचोली येथे त्याचे स्थान आहे. अजाणता घडलेल्या जीवाच्या पालनाची जबाबदारी उचलणारी ही परंपरा आणि जाणूनबुजून घडविलेल्या जीवाला भाड्याने देणारा नागमणी यांतील विरोध लेखकाला अभिप्रेत होता किंवा कसे, हा प्रश्न अलाहिदा. वाचणाऱ्याला तो विरोध जाणवल्यावाचून राहत नाही. श्रावणातच नागपंचमीला मातीच्या नागाची पूजा करून त्या दिवशी नांगर न धरणाऱ्या आणि काही चिरू-तळू न देणाऱ्या मराठवाड्यातील शिरूर अनंतपाळ, निलंगा, उदगीर या परिसरात सर्पदेही पुरुष घृणास्पद वाटण्याचे कारण नव्हते. हिंदीचा अडसरही येथे फारसा नव्हता, कारण सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता आणि सरकारी दप्तर उर्दूत चालत असल्याने हिंदुस्थानी बोली लोकांच्या कानांना परिचित होती.

चित्रण : मुळीक यांनी अमर चित्रकथेच्या पौराणिक व ऐतिहासिक अंकांत आणि अमिताभ बच्चन यांच्यावर बेतलेल्या ‘सुप्रिमो’ मालिकेत काम केले होते. पुराणपुरुषांच्या देहाकृती रेखाटून कमावलेला हात त्यांनी नागराजला दिला. हिरव्या खवल्यांखालूनही स्नायूंची घडण दिसते, मनगटांतून सुटणारे साप हातांचाच विस्तार भासतात आणि चेहरा मात्र शेवटपर्यंत माणसाचा राहतो. हा चेहरा माणसाचा ठेवण्यातच मुळीकांचे मोठेपण आहे. तो विद्रूप केला असता गोरखनाथाची करुणा वाचकाला पटली नसती. त्यांच्यानंतर इतर चित्रकारांनी मालिका पुढे नेली. १९९५ च्या सुमारास ती मुख्यतः अनुपम सिन्हा यांच्याकडे आली.

उत्पत्तीविषयी मतभेद : सिन्हा यांच्या काळात जन्मकथेत मोठा फेरफार झाला. नागराज हा राजा तक्षकराज व राणी ललिता यांचा पुत्र, चुलता नागपाशा याच्या कपटास बळी पडलेला आणि देव कालजयीच्या कृपेने सामर्थ्य पावलेला राजकुमार ठरला. नागमणीच्या हाती तो मागाहून लागला. या फेरफाराने कथेला विस्तार मिळाला, हे मान्य करावे लागते. परंतु कुळाचा दाखला नसताना, केवळ मुक्ती लाभल्याने सन्मार्गी झालेला पहिला नागराज अधिक थोर होता, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. दोन्ही वृत्तांत वाचकांत प्रचलित आहेत.

उत्तरकालीन जीवन : महानगर या काल्पनिक शहरात ‘राज’ या नावाने वास्तव्य व भारती कम्युनिकेशन्समध्ये नोकरी.

शत्रुपात्रे : नागपाशा, नागदंत, थोडांगा, मिस किलर इत्यादी.