कात्तानेओ, एलेना

कात्तानेओ, एलेना : (२२ ऑक्टोबर १९६२ – ). इटालियन मूलपेशी-वैज्ञानिक, मिलान विद्यापीठातील औषधविज्ञानाच्या प्राध्यापक आणि २०१३ पासून इटलीच्या सेनेटच्या तहहयात सदस्य. हंटिंग्टनच्या आजारावरील संशोधन ही त्यांची शास्त्रीय ओळख. सर्वसामान्य इटालियन माणूस मात्र त्यांना ओळखतो तो मूलपेशींच्या नावाखाली चाललेल्या ‘स्टामिना’ प्रकरणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या शास्त्रज्ञ म्हणून. प्रयोगशाळेतील पुरावा शोधायचा आणि तोच पुरावा चारचौघांत, न्यायालयात, संसदेत मांडायचा, ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामे नाहीत. त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोल यातच आहे.

शिक्षण व सुरुवातीचे काम : कात्तानेओ मिलानच्या. मिलान विद्यापीठातून १९८६ मध्ये त्या औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधर झाल्या आणि पुढे डॉक्टरेट मिळवली. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रॉन मॅके यांच्या प्रयोगशाळेत काढली. मेंदूच्या वाढीच्या काळातील ज्या पेशींपासून पुढे चेतापेशी घडतात, त्या पेशी शरीराबाहेर वाढवून त्यांना कोणते रासायनिक संदेश चालना देतात, याचा शोध तिथे सुरू होता. मॅके यांच्यासह त्यांनी लिहिलेला शोधनिबंध १९९० मध्ये नेचर या नियतकालिकात आला. अशा पेशींच्या विभाजनात नर्व्ह ग्रोथ फॅक्टर या प्रथिनाचा वाटा असतो, हे त्यात दाखवले होते. या प्रथिनाच्या शोधासाठी रीता लेव्ही-मोन्ताल्चीनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. त्याही इटालियन, त्याही तहहयात सेनेटर. इटलीत परतल्यावर कात्तानेओ यांनी मिलान विद्यापीठातच आपली प्रयोगशाळा उभारली.

हंटिंग्टनच्या आजारावरील संशोधन : हा आजार आनुवंशिक आहे. आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान हातापायांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात, मग विचारशक्ती आणि स्वभाव बिघडतो. मेंदूच्या खोल भागातील स्ट्रायटम येथील चेतापेशी मरत जातात. याला जबाबदार असणारा जनुक १९९३ मध्ये सापडला. त्याच्या सुरुवातीलाच सी-ए-जी ही तीन अक्षरे एकामागून एक पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसातही ही पुनरावृत्ती असते. ती चाळीस किंवा त्याहून अधिक वेळा झाली की आजार अटळ ठरतो.

बहुतेक संशोधकांचे लक्ष त्या काळी या जनुकापासून बनणारे बिघडलेले हंटिंग्टिन प्रथिन पेशीला काय अपाय करते याकडे होते. कात्तानेओ यांच्या गटाने प्रश्न उलट बाजूने विचारला : चांगले हंटिंग्टिन एरवी कोणते काम करते? २००१ मध्ये सायन्स मध्ये आणि २००३ मध्ये नेचर जेनेटिक्स मध्ये त्यांनी दिलेले उत्तर असे. स्ट्रायटममधील चेतापेशींना जगण्यासाठी बीडीएनएफ हे पोषक प्रथिन लागते आणि त्याचा मोठा पुरवठा मेंदूच्या बाह्यकातून होतो. निरोगी हंटिंग्टिन बीडीएनएफ तयार व्हायला मदत करते. चेतापेशींचे अनेक जनुक बंद पाडणारा रेस्ट नावाचा घटक ते पेशीकेंद्राबाहेर थोपवून धरते. हंटिंग्टिन बिघडले की हा अडसर निघतो, रेस्ट केंद्रात शिरतो आणि बीडीएनएफचे उत्पादन घटते. आजारात अपाय वाढतो तसा आधारही हरवतो, ही दृष्टी या कामातून पक्की झाली.

सी-ए-जीच्या माळेचा उगम शोधण्यासाठी त्यांच्या प्रयोगशाळेने उत्क्रांतीचा मागही काढला. २००८ मधील त्यांच्या निबंधानुसार ही माळ अगदी प्राथमिक रूपात, म्हणजे जेमतेम दोन ग्लुटामिनांच्या (सी-ए-जीने सांकेतिक केलेल्या अमिनो आम्लाच्या) स्वरूपात, समुद्री साळूत म्हणजे सी अर्चिनमध्ये आढळते. पृष्ठवंशी प्राण्यांत ती लांबत जाते. माणसाला घातक ठरणारा हा जनुकाचा तुकडा चेतासंस्थेच्या जडणघडणीशी जोडलेला असावा, असा अंदाज त्यामुळे करता येतो. मानवी मूलपेशींपासून स्ट्रायटमच्या अस्सल चेतापेशी तयार करण्याची पद्धतही या गटाने विकसित केली (२०१३). अनेक देशांतील प्रयोगशाळांना एकत्र आणणाऱ्या युरोपीय संघाच्या ‘न्यूरोस्टेमसेल’ प्रकल्पाचे समन्वयन त्यांच्याकडे होते.

दक्षिण अमेरिकेत या आजाराने ग्रासलेली मोठी कुटुंबे आहेत. व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या कुटुंबांच्या मदतीशिवाय तो जनुक सापडलाच नसता. यातली बरीच माणसे गरिबीत आणि सामाजिक बहिष्कारात जगतात. अशा कुटुंबांना १८ मे २०१७ रोजी व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांची भेट घडली. त्या कार्यक्रमाच्या आयोजकांत कात्तानेओ होत्या. चर्चचा विरोध असलेल्या भ्रूणाच्या मूलपेशींवर काम करणाऱ्या वैज्ञानिकाने या आजाराच्या रुग्णांसाठी व्हॅटिकनचे दार ठोठावले, याची विशेष नोंद घ्यायला हवी.

भ्रूणमूलपेशींचा वाद : इटलीत २००४ च्या ४० क्रमांकाच्या कायद्याने मानवी भ्रूणापासून मूलपेशी काढण्यास बंदी घातली. या कायद्यातील कलमे रद्द करण्यासाठी जून २००५ मध्ये सार्वमत झाले. कॅथलिक चर्चच्या नेतृत्वाने मतदारांना घरी बसण्याचे आवाहन केले होते. सुमारे एक चतुर्थांश मतदारांनीच मत दिले आणि गणसंख्येअभावी सार्वमत निष्फळ ठरले. परदेशात तयार झालेल्या पेशींवर काम करायला मात्र कायद्याची आडकाठी नव्हती. तरीही २००९ मध्ये सरकारने मूलपेशी-संशोधनासाठी जो निधी जाहीर केला, त्यातून भ्रूणमूलपेशी वगळल्या. कात्तानेओ, एलिझाबेत्ता चेर्बाई आणि सिल्व्हिया गारान्या या तिघींनी सरकारला न्यायालयात खेचले. कायद्याने मुभा दिलेले संशोधन निधीच्या वाटेने बंद पाडता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. पण हरलेल्या खटल्यालाही मोल असते : कोणत्या निकषावर निधी नाकारला, हा प्रश्न त्यामुळे लोकांपुढे आला.

स्टामिना प्रकरण : मानसशास्त्राचे अध्यापक असलेल्या दाव्हिदे व्हान्नोनी यांनी स्टामिना फाउंडेशन स्थापन केले होते. अस्थिमज्जेतील पेशींना रेटिनोइक आम्लाच्या द्रावणात दोन तास ठेवले की त्यांच्या चेतापेशी होतात आणि त्या टोचल्या की असाध्य चेताविकार सुधारतात, असा त्यांचा दावा. त्यांच्याकडे आलेल्यांत चेताविकाराने खंगत चाललेली लहान मुले होती. ब्रेशा येथील सार्वजनिक रुग्णालयात हे उपचार होऊ लागले. औषध नियंत्रक संस्थेने २०१२ मध्ये ते थांबवले, पण हवालदिल पालक न्यायालयात गेले आणि कितीतरी न्यायाधीशांनी उपचार चालू ठेवण्याचे आदेश दिले. दूरचित्रवाणीवर आजारी मुलांचे चेहरे दिसत राहिले, रस्त्यावर मोर्चे निघाले. मे २०१३ मध्ये संसदेने या पद्धतीच्या चाचणीसाठी ३० लाख युरो मंजूर केले.

या वातावरणात ‘याला पुरावा नाही’ असे म्हणणाऱ्याला निर्दय ठरवले जात होते. कात्तानेओ, मिकेले दे लुका आणि पाओलो बिआंको यांनी ते म्हटले, आणि लेख, मुलाखती, जाहीर पत्रे यांतून म्हणत राहिले. जुलै २०१३ मध्ये नेचर ने एक ढळढळीत गोष्ट समोर आणली. व्हान्नोनींच्या अमेरिकी एकस्व-अर्जात दोन चेतापेशींचे सूक्ष्मदर्शकाखालचे छायाचित्र होते. नेमके तेच छायाचित्र खार्किव्हमधील संशोधक एलेना श्चेगेल्स्काया यांच्या २००३ च्या निबंधात आधीच छापून आले होते. श्चेगेल्स्काया यांनी वापरलेल्या आम्लाचे प्रमाण दहापट कमी होते आणि पेशी त्यात काही दिवस ठेवल्या होत्या. दोन तासांचा तिथे संबंधच नव्हता. म्हणजे चित्र एका प्रयोगाचे आणि कृती दुसरीच. तज्ज्ञ समितीने चाचणीला नकार दिला. न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या दुसऱ्या समितीनेही २०१४ मध्ये तेच सांगितले. व्हान्नोनी यांनी २०१५ मध्ये तुरीन येथील खटल्यात तडजोडीने २२ महिन्यांची शिक्षा स्वीकारली. कात्तानेओ, दे लुका आणि बिआंको यांना मूलपेशी-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये लोकसेवा पुरस्कार दिला.

प्रकरण इटलीचे असले तरी भारतीय वाचकाला ते परके नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तपेशी घडवणाऱ्या मूलपेशींचे मान्य आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा कोणताही वापर फक्त नियमानुसार मंजूर चाचणीतच करता येतो. तरीही हमखास गुण येण्याच्या जाहिराती आपल्याकडे दिसतात आणि त्यांना भुलणारे आईबाप ब्रेशातल्या आईबापांइतकेच हतबल असतात. या माणसांशी रागाने नव्हे तर समजावून बोलायला हवे, हा स्टामिनाचा मोठा धडा आहे.

लोकशिक्षण : २००६ मध्ये कात्तानेओ यांनी सहकाऱ्यांसह मिलान विद्यापीठात युनिस्टेम हे मूलपेशी-संशोधन केंद्र स्थापन केले. त्याच्या वतीने २००९ पासून दर वर्षी, सहसा मार्च महिन्यात, ‘युनिस्टेम दिन’ साजरा होतो. उच्च माध्यमिक शाळेतील मुले विद्यापीठात येतात, व्याख्याने ऐकतात, संशोधकांना प्रश्न विचारतात, प्रयोगशाळा पाहतात. एकाच दिवशी अनेक विद्यापीठांत हा कार्यक्रम चालतो; इटलीतून तो युरोपातील इतर देशांत पसरला आणि आज हजारो विद्यार्थी त्यात भाग घेतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला पुरावा म्हणजे काय हे कळले, तर पुढे त्याला फसवणे अवघड होते. त्यामुळे कात्तानेओ यांच्या साऱ्या उपक्रमांत हा सर्वांत टिकाऊ म्हणावा लागेल. विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी ओन्यी जोर्नो (२०१६) आणि आर्माती दी शेन्त्सा (२०२१) ही पुस्तके लिहिली.

सेनेटमधील काम : ३० ऑगस्ट २०१३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्जो नापोलितानो यांनी त्यांची तहहयात सेनेटर म्हणून नेमणूक केली. संगीतसंचालक क्लाउदिओ आबादो, वास्तुविशारद रेंझो पिआनो आणि भौतिकीतज्ज्ञ कार्लो रुब्बिया यांची नेमणूक त्याच दिवशी झाली. आपल्या राज्यसभेतील राष्ट्रपतिनियुक्त सदस्यांची मुदत सहा वर्षांची असते. हे पद मात्र आयुष्यभराचे. कात्तानेओ तेव्हा पन्नास वर्षांच्या होत्या. हा मान वार्धक्यात मिळण्याची प्रथा असलेल्या देशात हे लक्षणीय होते. पद मिळाल्यावरही त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही.

मिलानच्या जागतिक प्रदर्शनाच्या जागेवर ‘ह्यूमन टेक्नोपोल’ हे संशोधन केंद्र उभारण्याची घोषणा पंतप्रधान मात्तेओ रेंझी यांनी २०१५ मध्ये केली. दहा वर्षांत दीड अब्ज युरो खर्चाची ही योजना खुल्या स्पर्धेशिवाय एका संस्थेच्या हाती देण्याला कात्तानेओ यांनी कडाडून विरोध केला. त्यांचे स्वतःचे शहर आणि स्वतःचे क्षेत्र यांना मिळणारा पैसा असूनही त्या मागे हटल्या नाहीत. पुढे केंद्राच्या निधीचा मोठा भाग देशभरातील संशोधकांना खुल्या असणाऱ्या सुविधांसाठी राखून ठेवण्यात आला.

मे २०२१ मध्ये सेंद्रिय शेतीचे विधेयक सेनेटपुढे आले. त्यात बायोडायनॅमिक शेतीला सेंद्रिय शेतीच्या बरोबरीचे स्थान दिले होते. रुडॉल्फ स्टाइनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांतून निघालेल्या या पद्धतीत गायीच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात आणि त्यातून शक्ती मिळते असे मानतात. अशा समजुतीला आणि या पद्धतीशी जोडलेल्या एका खाजगी व्यापारचिन्हाला कायद्याची मान्यता देऊ नये, असे कात्तानेओ यांनी सभागृहात सांगितले. विधेयकाच्या बाजूने १९५ मते पडली. विरोधात एकच मत पडले, ते कात्तानेओ यांचे. त्यानंतर देशातील वैज्ञानिकांनी आवाज उठवला. त्यात त्याच वर्षी नोबेल मिळालेले जॉर्जो पारिसी होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये कनिष्ठ सभागृहाने ही बरोबरी ठरवणारा मजकूर वगळला आणि मार्चमध्ये कायदा त्याच सुधारित रूपात मंजूर झाला.